चार नंबरला रिलीफ पाठवा

पुतळेमामांच्या बायकोने सकाळी डबा पुढे केला, पण सोडला नाही. डब्याची एक कडी तिच्या हातात, दुसरी मामांच्या हातात, असा तो डबा उंबऱ्यावर चांगली दोन मिनिटं लोंबकळत राहिला.

"किती वाजता?" तिने विचारलं.

"पाच वाजता."

"कुठे?"

"पोहण्याच्या तलावावर."

"कशाला?"

"तुझी परीक्षा आहे. तू उडी मारायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहायचं, आणि मग तुला वर्षभराचा पास."

"आणि तुम्ही काठावर दिसला नाहीत तर?"

"तर तू उडी मारणार नाहीस."

"आणि कुठलं कारण चालणार नाही?"

मामांनी मान खाली घातली. "रिलीफ आला नाही, हे."

तेव्हा कुठे डबा सुटला.

बिचारीचं तरी काय चुकलं म्हणा! मामा संग्रहालयात रखवालदार. दालन क्रमांक चार, म्हणजे जुन्या कुलपांचं दालन, गेली सव्वीस वर्षं त्यांच्या ताब्यात. तिथे एकशे बारा कुलपं, एक दार, गज लावलेली एक खिडकी आणि एक खुर्ची. खुर्चीच्या वर भिंतीवर नियमांची पाटी, आणि तिच्यातला सातवा नियम मामांच्या हाडीमाशी भिनलेला: 'रिलीफ आल्याशिवाय खुर्ची सोडू नये.' रिलीफ म्हणजे आपल्या जागी बसायला येणारा बदली माणूस. तो आला की उठायचं, नाही आला की बसायचं. यात कुठे अपवाद नाही, सवलत नाही, आणि मामांच्या स्वभावात तर ती मुळीच नाही. एकदा तर पाहुण्यांचं एक कुटुंब त्यांच्यासमोर उभं राहून बराच वेळ माहितीचं कार्ड शोधत होतं. त्यातल्या आजोबांनी मामांच्या नाकाला बोट लावून बघितलं, मामा हलले नाहीत. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. तेव्हापासून त्यांचं नाव पुतळेमामा पडलं.

पण या ड्यूटीपायी घरात काय काय झालं ते बायकोला विचारा. मुलगी जन्मली तेव्हा मामा नव्हते, रिलीफ आला नाही. मुलाला शाळेत बक्षीस मिळालं, टाळ्या वाजवायला मामा नव्हते, रिलीफ आला नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या संध्याकाळी ती नवी साडी नेसून हॉटेलात दोन खुर्च्यांपैकी एकीवर नऊ वाजेपर्यंत बसली आणि सूप एकटीने पिऊन घरी आली. रिलीफ आला नाही. शेवटी शेवटी तर तिला त्या न पाहिलेल्या रिलीफचा सवतीसारखा राग यायला लागला.

आणि ही परीक्षा काही साधी नव्हती. लहानपणी ती हौदात पडली होती. तेव्हापासून बादली काठोकाठ भरलेली दिसली तरी ती दोन पावलं मागे सरायची. बावन्नाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहा. आठ महिन्यांत ती आधी रोज तलावाच्या पायऱ्यांवर बसली, मग पाण्यात उतरली, मग कठडा सोडला, मग हातपाय मारायला लागली. आता राहिली होती ती खोल बाजूने उडी. "तुम्ही समोर दिसलात तर मारीन," ती म्हणाली होती, "नाहीतर आयुष्यात परत पाण्यात पाय घालणार नाही." आणि ही बाई बोलली तसं करणारी होती.

तर त्या दिवशी दुपारचे चार वाजले. मामांची ड्यूटी संपली. रिलीफ आला नाही.

मामांचा रिलीफ म्हणजे एक उंचच उंच गडी. तो क्वचित आणि अनपेक्षित उगवायचा म्हणून त्याला सगळे धूमकेतू म्हणायचे. दुसरा एक बुटका रिलीफ होता, तो याच्याहून बरा, पण तो रजेवर होता की कामावर हे त्याचं त्यालाही ठाऊक नसायचं. मामांनी चार वाजून पाच मिनिटांपर्यंत दाराकडे बघितलं आणि मग खुर्चीवरूनच हात लांबवून भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर काढला.

फोनवर नवी बाई होती. नोकरीचा तिसरा दिवस. आधी ती कुठल्याशा आपत्कालीन मदत केंद्रात फोन घ्यायची, त्यामुळे आवाजात जरब होती.

"बोला!"

"बाई, चार नंबरला रिलीफ पाठवा. जरा लवकर."

"पाठवते," बाई म्हणाली आणि फोन ठेवला. पाठवायला तिची ना नव्हती. पण संग्रहालयात रिलीफ कुठे ठेवतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिने शेजारून जाणाऱ्या स्टोअरकीपरला विचारलं. स्टोअरकीपर तीस वर्षं दगडांत वावरलेला माणूस. त्याच्या लेखी जगात रिलीफ म्हणजे एकच गोष्ट: सपाट दगडातून आकृती वर उठवून कोरलेलं शिल्प. असे त्याच्या तळघरात दोन होते. त्याने विचारलं, "कोणता हवाय त्यांना? मोठा की छोटा?"

चार नंबरचा फोन वाजला.

"मोठा पाठवू का छोटा?" बाईने विचारलं.

मामांना बरं वाटलं. आज दोघेही हजर दिसतात. "कोणीही चालेल हो. पण मोठा असला तर उत्तम, तो माहीतगार आहे."

पलीकडे कुजबूज झाली. "मोठ्याचं नाक तुटलंय म्हणतात. चालेल?"

"अरे देवा! कधी?"

"जुनंच आहे म्हणे."

"मला कधी बोलला नाही तो. चालेल, चालेल. नाकाशी मला काय करायचंय? बसता आलं म्हणजे झालं."

"बसलेलाच आहे. घोड्यावर."

"तो नेहमीच घोड्यावर असतो," मामा म्हणाले. "आला की आधी जायची घाई. पण आज मलाही घाई आहे. पाठवा."

"चार माणसं उचलून आणतायत."

नाक तुटलेलं, पाय चालत नाहीत, चार माणसांनी उचलून आणावं लागतंय, आणि तरी हा पठ्ठ्या कामावर येतोय! आणि आपण पाच मिनिटांपूर्वी याला काय काय बोललो मनातल्या मनात. "बाई," ते कसेबसे म्हणाले, "त्याला सांगा, सावकाश ये. धक्का लागू देऊ नका त्याला."

"तेच सांगतायत स्टोअरकीपर," बाई म्हणाली. "फार जुना आहे म्हणे."

चार वाजून वीस मिनिटांनी जिन्यावरून 'हळू! हळू! डावीकडून!' असा गलका ऐकू आला. मामा स्वागताला उभे राहिले. अर्थात खुर्चीच्या पाठीवर एक हात ठेवूनच. दारात चार हमाल, त्यांच्या मधोमध ढकलगाडी, आणि ढकलगाडीवर पुरुषभर उंचीचा काळा दगड. दगडात घोडा, घोड्यावर स्वार, आणि स्वाराला नाक नाही.

"हे काय?" मामा ओरडले.

"रिलीफ," स्टोअरकीपर म्हणाला. "मोठा."

"अहो, मला रिलीफ हवा होता!"

"मग हा काय आहे? सही करा."

"मला माणूस हवाय!"

"माणूस आहे की. घोडा वर फुकट."

या वादात गाडी ढकलणाऱ्यांचं लक्ष उडालं. गाडी उंबऱ्यावर चढली, दगड तिरपा झाला आणि दाराच्या चौकटीत असा काही जाऊन बसला की जणू ती चौकट त्याच्यासाठीच करून घेतली होती. चौघांनी ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं. स्वार हलेना. वर जेमतेम वीतभर फट राहिली. त्या फटीतून स्टोअरकीपरचे डोळे तेवढे दिसत होते.

"साडेचार वाजत आले," ते डोळे म्हणाले. "आता हमालांची चहाची वेळ. आल्यावर बघू."

आणि पावलं जिन्यावरून खाली गेली.

आता मामांची अवस्था बघा. दाराबाहेर जायचं तर रिलीफ हवा, आणि दारात रिलीफ होता म्हणूनच बाहेर जाता येत नव्हतं. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. डोळ्यांसमोर बायको आली. टोपी घालून, तलावाच्या काठावर उभी, आणि नजर फाटकाकडे. मामांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पुन्हा फोन उचलला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यावर आवाज चढवला.

"बाई! इथे दगड येऊन पडलाय! दार बंद झालंय! मी आत अडकलोय! मला रिलीफ पाठवा हो!"

दगड, अडकलोय, रिलीफ! बाईच्या अंगात जुनी नोकरी संचारली. ती ताठ झाली, पेन्सिल उचलली.

"घाबरू नका. आत किती जण आहात?"

"मी एकटाच!"

"श्वास घेता येतोय?"

"येतोय, पण माझ्याकडे पाचपर्यंतच वेळ आहे!"

बाईने एक हुंदका गिळला. "धीर धरा काका. घरी काही निरोप?"

"बायकोला सांगा, या वेळी खरंच माझा दोष नाही!"

"सांगते," बाई म्हणाली आणि डोळे पुसत जुन्या ऑफिसचा नंबर फिरवला.

मदत केंद्राची ख्याती अशी की पूर ओसरल्यावर त्यांच्या होड्या पोहोचतात. पण म्हणतात ना, नशीब उलटं फिरलं की सगळेच वक्तशीर होतात. दहा मिनिटांत भोंगा वाजवत ट्रक अंगणात उभा राहिला. त्यातून मदत अधिकारी उतरले, दोन मदतनीस उतरले, चाळीस घोंगड्या उतरल्या, बिस्किटांचे खोके उतरले आणि प्लास्टिकच्या निळ्या बादल्यांची एक उंच चळत उतरली. अधिकाऱ्यांनी बाहेरून शिडी लावली आणि खिडकीच्या गजांतून तोंड दाखवलं. हातात फॉर्म होता.

"बाधित आपणच?"

"मी रखवालदार आहे."

"बाधित रखवालदार," अधिकाऱ्यांनी लिहिलं. "आपत्तीचं स्वरूप? पूर, आग, भूकंप, दरड?"

"दगड."

"दगडाला रकाना नाही. दरड लिहितो. जनावरं किती?"

"जनावरं कुठली? घोडा आहे एक, तो दगडाचाच आहे."

"घोडा एक, दबलेला." लिहून झालं. "हे घ्या रिलीफ." आणि गजांतून एक घोंगडी आत आली, बिस्किटांचे सहा पुडे आले आणि बादली आत येईना म्हणून ती बाहेरच गजाला अडकवली गेली.

"साहेब, मला हा रिलीफ नको!" मामा रडकुंडीला आले होते.

"सगळे आधी असंच म्हणतात," अधिकारी समजुतीने म्हणाले. "रात्री गारठा पडला की घोंगडी आठवते."

एवढ्यात दारातल्या दगडापलीकडून किंकाळी ऐकू आली. क्युरेटरबाई आल्या होत्या. संग्रहालयाच्या प्रमुख, अंगाने चिमणीएवढ्या, पण विद्वत्ता अशी की कुठलाही शब्द समोर आला की त्याची साल काढल्याशिवाय पुढे जात नसत.

"माझा घोडेस्वार इथे कुणी आणला?"

मामांनी फटीतून सगळी कहाणी सांगितली. रिलीफ मागितला तर दगड आला, दगडातून सोडवायला रिलीफ मागितला तर घोंगडी आली. बाई रागावतील, निदान कपाळाला हात लावतील असं त्यांना वाटलं. पण बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी टाळी वाजवली.

"काय गंमत आहे बघा मामा! तीन गोष्टी, शब्द एकच! आणि मूळही एकच. लॅटिनमध्ये 'रेलेव्हारे'. त्यातलं 'लेव्हारे' म्हणजे उचलणं, हलकं करणं. दगडातून आकृती वर उचलली, तो रिलीफ. लोकांच्या डोक्यावरचं संकट उचललं, तो रिलीफ. तुमच्या अंगावरचं काम दुसऱ्याने उचललं, तो रिलीफ. आणि छातीवरचं दडपण उचललं गेलं की माणूस हुश्श करतो, तोही रिलीफच!"

"बाई, पावणेपाच होऊन गेले."

"आणि 'रे' म्हणजे पुन्हा. रे-लेव्हारे, पुन्हा उचलणे!"

"रे म्हणून आम्ही गड्याला हाक मारतो," मामा काकुळतीने म्हणाले. "आणि पुन्हा कशाला? मला एकदा उचललं तरी पुरे आहे."

"विचार करण्यासारखं आहे," क्युरेटरबाई म्हणाल्या आणि खरोखरच विचार करायला लागल्या.

त्याच वेळी जिन्यावर शीळ घालत कोणीतरी वर आलं. धूमकेतू! नाक शाबूत, पाय शाबूत, हातात अर्धी खाल्लेली काकडी.

"तू!" मामा फटीतून गरजले. "कुठे होतास एवढा वेळ?"

"मी चार वाजून दहा मिनिटांनीच आलोय मामा, शप्पथ. खाली फोनवाल्या बाई म्हणाल्या, चार नंबरला रिलीफ गेला. मला वाटलं, चला, बुटका आला असेल. म्हणून मी कँटीनमध्ये बसलो. आता खाली भोंगा वाजला, बाई रडताना दिसल्या, म्हटलं बघू तरी कोण गेलं."

"ये, आधी खुर्चीत बस!"

"कुठून येऊ?"

आणि सगळे त्या नाक तुटलेल्या स्वाराकडे बघायला लागले.

तेव्हा मात्र क्युरेटरबाईंनी पदर खोचला. मदत अधिकारी शिडीवरून उतरून जिन्याने वर आले, दोन्ही मदतनीस आले, ट्रकचा ड्रायव्हर आला, धूमकेतूने काकडी खिशात घातली. दगडाला ओरखडा नको म्हणून बाईंनी त्याला चारी बाजूंनी घोंगड्या गुंडाळल्या. आतून जोर लावायला मामा हवे होते, पण खुर्ची दाराहून सहा पावलं लांब.

"या ना मामा पुढे!"

"खुर्ची सोडता येत नाही!"

"मग घेऊन या तिला!"

मामांनी खुर्ची ओढत दारापाशी आणली, एक पाय तिच्या पायात अडकवला आणि खांदा दगडाला लावला. बाई ओरडल्या, "एक, दोन, उचला!" दगड तसूभर हलला. "पुन्हा!" दगड करकरला. "पुन्हा उचला!" आणि स्वार डुलत डुलत चौकटीतून निघून ढकलगाडीवर सरळ बसला. थोडक्यात काय, रिलीफवाल्यांनी रिलीफमध्ये गुंडाळून रिलीफ उचलला, म्हणून रिलीफ आत आला आणि मामांना रिलीफ मिळाला. क्युरेटरबाई हे वाक्य तिथल्या तिथे एका पाकिटाच्या पाठीवर लिहून घेत होत्या.

पण घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

मामा धावत अंगणातून फाटकापाशी आले. बस गेलेली. पुढची अर्ध्या तासाने. त्यांनी डोळ्यांपुढे सगळं बघितलं. पाच वाजले, ती फाटकाकडे बघत राहिली, सव्वापाच झाले, तिने टोपी काढली, घरी गेली, आणि परत कधीही पाण्याचं नाव काढलं नाही. सव्वीस वर्षांत तिने एकच गोष्ट मागितली होती. त्यांना तिथेच रडू फुटलं.

"बाधित रडतोय," ड्रायव्हर अधिकाऱ्यांना म्हणाला.

"कुठे जायचंय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पोहण्याच्या तलावावर."

अधिकारी क्षणभर गोंधळले. दरडीतून सुटलेला माणूस थेट पोहायला जातो हे त्यांच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. पण फॉर्मवर एक रकाना होता, 'बाधितास सुरक्षित स्थळी हलविले'. तो रिकामा राहणं त्यांना आवडेना. "बसा," ते म्हणाले. "फक्त घोंगडी पांघरा. नियम आहे."

नियम म्हटल्यावर मामांनी मुकाट्याने घोंगडी पांघरली. भोंगा वाजला. रस्त्यातली वाहनं पटापट बाजूला झाली आणि सहा मिनिटांत, भर उन्हात घोंगडी पांघरलेले, एका हातात निळी बादली आणि दुसऱ्या हातात बिस्किटांचे पुडे घेतलेले पुतळेमामा तलावाच्या फाटकातून आत धावले.

तलाव शांत होता. पाण्यावर एक तरंग नाही. खोल बाजूच्या काठावर बायको बसली होती. डोक्यावर पिवळी टोपी, अंगात गुडघ्यापर्यंतचा निळा पोशाख, आणि तोंड पार उतरलेलं. अंग कोरडं ठणठणीत.

"अगं, ऐक," मामा धापा टाकत म्हणाले. "या वेळी रिलीफ आला नाही असं नाही. रिलीफ आला, पण तो घोडा निघाला! मग दुसरा आला तर ती घोंगडी! मग तिसरा आला, पण—"

"गप्प बसा हो," ती म्हणाली. "परीक्षा झालेलीच नाहीये."

"म्हणजे?"

"त्यांना विचारा."

काठावर मधोमध एक उंच पांढरी खुर्ची होती. तिला शिडी. वर पोहण्याचे मास्तर गळ्यात शिट्टी घालून हताश बसले होते.

"काय करू काका?" मास्तर वरूनच म्हणाले. "परीक्षा घ्यायला मला खाली काठाने चालत जावं लागतं. पण पाण्यात माणूस असताना ही खुर्ची रिकामी ठेवता येत नाही. पाच वाजल्यापासून वाट बघतोय." त्यांनी सुस्कारा टाकला. "माझा रिलीफ आला नाही."

मामा खालून त्यांच्याकडे बघतच राहिले. मग बायकोकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती. कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही, पण बिस्किटांचे पुडे खाली पडले.

"मास्तर," मामा बादली आणि घोंगडी खाली ठेवत म्हणाले, "या खुर्चीवर बसणाऱ्याला काय काय यावं लागतं?"

"माझ्या परीक्षेपुरतं काही नाही. बसायचं, पाण्यावरून नजर हलवायची नाही आणि काही वावगं दिसलं तर शिट्टी फुंकायची. उडी मारायला मी काठावर आहेच. तुम्हाला पोहता येतं?"

"अजिबात नाही. पण बसता येतं. सव्वीस वर्षांचा अनुभव आहे."

मास्तर खाली उतरले. मामा शिडी चढून वर बसले, शिट्टी गळ्यात घातली, पाठ ताठ केली. आयुष्यभर ज्याची वाट बघितली, तो रिलीफ आज ते स्वतः होते. छाती कशी भरून आली होती म्हणून सांगू!

बायको खोल बाजूला उभी राहिली. तिने एकदा खाली पाण्याकडे बघितलं. तिने वर बघितलं. समोर उंच खुर्चीवर नवरा, पापणी न हलवता तिच्याकडे बघणारा. एवढं एकटक तर त्याने लग्नातही बघितलं नव्हतं. तिने नाक धरलं, डोळे मिटले, आणि धप्पकन उडी मारली.

ती दिसेनाशी झाली. मामांनी शिट्टी दातांत घट्ट धरली. एक, दोन, तीन. मग पिवळी टोपी वर आली, एक हात वर आला, दुसरा आला. ती पोहायला लागली. काही सुंदर बिंदर नाही, पाणी चहूकडे उडत होतं, दिशा मधेच चुकत होती, पण पोहत होती. मास्तर काठाने चालत होते. मामांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला नजर हलवावी लागली असती, म्हणून त्यांनी ते तसंच ओघळू दिलं.

शेवटच्या टोकाला तिचा हात कठड्याला लागला. "पास!" मास्तर ओरडले आणि वही आणायला खोलीकडे पळाले.

"बघितलंत?" ती पाण्यातून ओरडली. "बघितलंत ना?"

"सगळं बघितलं!"

"मग तिथे काय पुतळ्यासारखे बसलात? या इकडे. हात द्या. उचला मला!"

मामांचा एक पाय शिडीवर गेला आणि थबकला. "अगं, खुर्ची... रिलीफ आल्याशिवाय..."

तिने नुसतं बघितलं. त्या बघण्यात मुलीचा जन्म होता, मुलाचं बक्षीस होतं, आणि हॉटेलातलं ते एकटीने प्यालेलं सूप होतं.

पुतळेमामांनी खुर्ची सोडली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, रिलीफ न येता, धडाधड शिडी उतरून ते काठाने धावत गेले, वाकले, बायकोचा हात धरला आणि जोर लावला. पण ओली फरशी, गुळगुळीत बूट आणि आठ महिने पोहून मजबूत झालेली बायको. ती वर येण्याऐवजी मामाच बूट, टोपी, शिट्टी, गणवेशासकट पाण्यात गेले.

नाकातोंडात पाणी गेलं, जग हिरवं झालं. तेवढ्यात मानेपाशी कॉलर आवळली गेली आणि कोणीतरी त्यांना खाडकन वर उचललं. हवा लागली. मामांनी 'हु' म्हटलं, 'श्श' म्हणायच्या आत बूट घसरला आणि ते परत खाली गेले. परत तीच मूठ, परत तीच कॉलर. तिने त्यांना पुन्हा उचललं.

आणि मामांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. क्युरेटरबाईंचं ते 'पुन्हा' कशासाठी होतं ते आता कळलं.

"रे!" ते पाणी थुंकत ओरडले. "रे!"

"रे काय?" बायको चिडली. "बायकोला कोणी रे म्हणतं का?"

"अगं, रे म्हणजे... लेव्हारे..."

"डोक्यात पाणी गेलंय यांच्या! मास्तर, धावा हो!"

मास्तर वही घेऊन धावत आले, काठावर थांबले आणि त्यांनी शांतपणे दोघांकडे बघितलं. "काकू," ते म्हणाले, "त्यांना म्हणावं उभे राहा. इथे कमरेएवढंच पाणी आहे."

मामा उभे राहिले. पाणी खरंच कमरेएवढं होतं. टोपी पुढे तरंगत होती. बायकोने अजून त्यांची कॉलर सोडली नव्हती, आणि मामांनी ती सोडवून घेतलीही नाही. ती हसत होती. एवढी हसत होती की तिला उभं राहवेना, म्हणून मग मामांनी तिला धरलं.

मास्तरांनी उंच खुर्चीकडे नजर टाकली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, पण खुर्ची रिकामी! मला आजच्या पानावर नोंद करावी लागेल. काय लिहू?"

बायकोने डोळ्यांतलं पाणी पुसलं, कॉलर आणखी घट्ट धरली आणि म्हणाली, "लिहा मास्तर, रिलीफ आला."